तिसरं कोटेशन

मुलीला कुठल्या विद्यापीठात घालायचं ते मी ठरवणार, असं मी एका रविवारी जेवताना जाहीर केलं. (पोट भरलं की मला निर्णय सुचतात.)

आमची कुणाली अरबी शिकते. मुंबईच्या इस्पितळांत अरब पेशंट येतात, त्यांना दुभाषी लागतात, हे तिनंच शोधून काढलं. पहिलं वर्ष फर्स्ट क्लासमध्ये झालं आणि कॉलेजनं वर्गच बंद केला, कारण वर्गात पोरं तीन. आता दुसऱ्या वर्षाला दुसरीकडे जायचं, तेही माझ्या पगारात बसेल असं. मुदत तीस तारखेची. चुकली की वर्ष गेलं.

"बाबा, मी दोन बघून ठेवलीत. दिल्लीचं नि हैदराबादचं. हैदराबादला माझं पहिलं वर्ष धरतात, होस्टेलपण स्वस्त."

"दोनच? तीन कोटेशनं आल्याशिवाय मी ऑफिसात झाडूपण घेत नाय!"

मी शहापूरला स्टोअर क्लार्क आहे. (कुठल्या ऑफिसात ते विचारू नका, पेन्शन जवळ आलीय.) सत्तावीस वर्षं एकच नियम: तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, सगळ्यात कमी दर त्याला ऑर्डर. दोनच मिळाली तर तिसरं ओळखीच्या माणसाकडून घ्यायचं, मुद्दाम चढ्या दराचं.

ओळखीचा माणूस म्हणजे मेहुणा किशोर. मुरबाडला खताच्या दुकानाच्या माडीवर त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. त्याला फोन करून सगळं समजावलं. चार दिवसांनी त्याचं लेटरहेड आलं: 'अरबी भाषा, तीन वर्षं. फी निरंक. जेवण मामीच्या हातचं.'

"अरे, दर चढा लावायला सांगितला होता ना!"

"सख्ख्या भाचीकडून पैसे घेऊ, भावोजी? लोक तोंडात शेण घालतील!"

तक्ता मांडला. पहिला नंबर मुरबाड. कुणालीनं सगळ्या प्रती माझ्यापुढे ठेवल्या, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारून, थेट आमच्या ऑफिसासारख्या. पोरीनं वळण उचललं म्हणून मला भरून आलं. धडाधड सह्या केल्या.

"अहो, किशोरला अरबीतलं एक अक्षर तरी येतं का?" माझ्या बायकोनं, रुपालीनं विचारलं.

"तो रकाना तक्त्यात नाय," मी म्हणालो, पण मनातून घाबरलो. नियम मोडावा तर सत्तावीस वर्षं खोटी पडतात. पाळावा तर पोर खताच्या दुकानावर. शेवटी मी फाइलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारला आणि ती कपाटात ठेवली. (कपाटात ठेवलेली फाइल मी सहसा विसरतो.)

आठवली ती एक तारखेला. धावत घरी गेलो.

"कुणाली, तुझं वर्ष गेलं गो! माझ्यामुळं गेलं!" मला खरंच रडू आलं.

ती बॅग भरत होती. "नाय गेलं, बाबा. हैदराबादला अ‍ॅडमिशन होऊन दहा दिवस झाले."

"आणि पालकाची सही?"

"तुमचीच. तक्त्याच्या प्रतींत फॉर्म होता. फुली बघून केलीत."

"फी कोणी भरली?"

"मी," रुपाली म्हणाली. "तुमच्या खात्यातून. खात्यावर माझं नाव घालायचा कागदपण त्यातच होता."

तेव्हापासून एटीएमचं कार्ड तिच्याकडं असतं. मला एसटीला पैसे लागले की मी अर्ज करतो. कालच्या अर्जावर तिचा शेरा आला, 'चर्चा करावी.'