शमुवेलमामांचे सासरे

शमुवेलमामा ज्या माशाला 'सासरे' म्हणायचे तो मासा मी मारला, आणि आळ दुसऱ्यावर ढकलला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मामांच्या गमती सांगायला लागलो की मी त्यातच रमतो आणि स्वतःचं तेवढं गाळतो, हे मला ठाऊक आहे.

मामा आमच्या गावचे शिंपी. गाव श्रीरामपूरहून एस.टी.नं तासाभरावर, पण कॅनॉलचं पाणी पोचत नाही त्या अंगाला. ख्रिस्ती आळीच्या तोंडाशी त्यांचं मशीन होतं. बायको फार पूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. गळ्यातला टेप ते चर्चमध्येही काढत नसत. पाळकांनी एकदा टोकलं तर म्हणाले, "तुमच्या गळ्यात क्रूस हाय, माझ्या गळ्यात टेप. दोन्ही मापंच काढत्यात मान्साची."

नदीच्या डोहात एक थोरला मरळ मासा होता. मरळ अधूनमधून हवा घ्यायला वर येतो. तेवढ्या दर्शनावर मामांनी त्याचं माप घेतलेलं: "दोन फूट धा इंच. शिलाईत अर्धा इंच गेला तर गेला." सात वर्षं ते त्याच्या मागं होते आणि सात वर्षं तो त्यांना चकवत होता. पाण्याजवळ त्याचं खरं नाव घ्यायला बंदी. म्हणून सासरे.

"पण सासरेच का, मामा?"

"आरं, सासऱ्याकडं मानूस कसा जातो? मान राखून जातो. बस म्हनलं तर बसतो, दिलं तर घेतो. तू जातो वसुलीला गेल्यावानी. मंग कसा लागंल?"

नियमांना अंत नव्हता. नदीवर जायच्या दिवशी डोक्याला तेल नाही, अंगाला साबण नाही. सावली पाण्यावर पडता कामा नये. वाटेत कुणी "लागला का?" विचारलं की तिथूनच घरी परत. मामांचा शेजारी हे मुद्दाम विचारायचा, आणि मामा त्याच्या पायजम्याची नाडी हटकून आखूड ठेवायचे.

पण तंत्र पक्कं होतं. मरळ गळाला लावलेला बेडूक तोंडात धरतो तो आडवा. गिळायला त्याला वेळ लागतो. लगेच झटका दिला की बेडूक बाहेर, मासा गेला. म्हणून दोरी ताणली की मामा मनातल्या मनात येशूनं शिकवलेली प्रार्थना सुरू करत आणि भाकरीचा शब्द आला की झटका देत. मी ख्रिस्ती नव्हे, पण ती प्रार्थना मला तेवढ्यापुरती भाकरीपर्यंत पाठ झाली. दोरीही त्यांचीच: काजाचा दोरा तिपेडी वळून मेणात घोळलेला. गळाला तो बांधायची दुहेरी वेढ्याची गाठ त्यांनी साऱ्या गावात फक्त मला शिकवली. मी त्यांच्याशेजारी तास न् तास न बोलता बसायचो, एवढीच माझी लायकी.

एक नियम मात्र हसण्यावारी नेण्याचा नव्हता. मरळ पिल्लं राखतो. पिल्लांचा लाल गोळा पाण्यावर फिरतो आणि खाली बाप पहारा देतो. त्या गोळ्यात बेडूक टाकला तर भूक असो-नसो, तो धावून येतो. कुणीही पकडावा इतकं सोपं. गोळा दिसला की मामा काठीची दोरी गुंडाळायचे. "लेकुरवाळ्याला हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणायचे, आणि पुढचे तीन आठवडे नुसतेच जाऊन बसायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कपडे कोण शिवणार? मामा आम्हा सगळ्यांबरोबर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडू लागले, गळ्यात टेप तसाच. मी तिथं हजेरी कारकून होतो, तात्पुरता. कायम होण्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलं. पोळ्याच्या सुमारास ओव्हरसियर साहेब तपासणीला यायचे होते. साहेबांना मासे फार आवडतात असं कुणी तरी बोललं.

डोह तेव्हा आटून अंगणाएवढा उरला होता. भर दुपारी गेलो. पिल्लांचा लाल गोळा कडेलाच होता. पहिल्या फेकीत दोरी बुडलेल्या बाभळीच्या फांदीत अडकून तुटली. दुसरा गळ बांधला, बेडूक लावला, नेमका गोळ्यात टाकला. भाकरीपर्यंत थांबावं लागलंच नाही. तो असा आला की काठी हातातून जाते की काय वाटलं. साहेबांना सांगितलं, श्रीरामपूरच्या बाजारातून आणलाय.

दोन दिवसांत कावळ्यांनी आणि बगळ्यांनी पिल्लं वेचून खाल्ली. कामावर चर्चा झाली: कुणी केलं? मी हजेरीपटातून डोकं वर न काढता म्हणालो, "जिलेटिन तर गोविंदाकडं असतं." एवढंच वाक्य. गोविंदा कामावर सुरुंग लावायचा. सरकारी दारू डोहात उडवली म्हणून साहेबांनी त्याला काढून टाकलं, तोच मासा खाल्लेल्या साहेबांनी. त्याचं नाव हजेरीपटातून मी माझ्या हातानं खोडलं. त्याच्या घरात चार तोंडं होती.

पाणी आणखी हातभर उतरल्यावर मामा डोहावर जाऊन आले. तेव्हापासून कामावर खायला मिळणारी त्यांची सुकडी ते रोज धडप्यात बांधून गोविंदाच्या घरी नेऊ लागले. मी हसून म्हणालो, "मामा, सासऱ्यांच्या मारेकऱ्यालाच पोसताय?" ते माझ्या शर्टाकडं पाहत म्हणाले, "बटन तुटलंय तुझं."

दिवाळीपर्यंत डोहाच्या तळाला भेगा पडल्या. तरी सुट्टीच्या दिवशी मामा काठी घेऊन जायचे, मला हाक मारायचे, आणि आम्ही दोघं वाळलेल्या चिखलाकडं तोंड करून बसायचो. तिथंही बोलायचं नाही. लोक लांबून हात दाखवून हसत.

नाताळ जवळ आला तेव्हा एकदा डोहाकडं निघताना मामा म्हणाले, "मशिनीच्या खनात डबा हाय, त्यातलं बटन काढून आन. तसाच हिंडतोय कवाचा." डब्यात बटणांच्या तळाशी काजाच्या दोऱ्याचा तुकडा होता. तिपेडी, मेण लावलेला. टोकाला गंजलेला गळ, त्यावर दुहेरी वेढ्याची गाठ. बाभळीचा काटा अजून त्यात अडकलेला होता.

मी बटण न घेताच डोहावर गेलो. मामा बसलेच होते. मी शेजारी बसलो, आणि नियम मोडून बोललो.

"मामा, सासरे मी नेले."

"म्हाईत हाय. पानी उतारलं तवाच घावली गाठ." ते चिखलाकडंच बघत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू आला नसता पुन्यांदा." काठीनं भेगेतली माती उकरत ते म्हणाले, "घरात मी येकलाच गप असतो. तसलं न्हाई सोसत. गप बसायला बी दुसरं मानूस लागतं रं. म्हनून गोविंदाच्या पोरांच्या तोंडचं गेलं तरी मी त्वांड उघडलं न्हाई. तुझ्यापरास माझं पाप मोठं. माझं वय हाय."

मामांनी काठीची दोरी गुंडाळली, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाले, "चल. माझ्यापाशी काय रडतो?"

आम्ही गोविंदाच्या दारात गेलो तेव्हा दिवस कलला होता. तो जोत्यावर बसून दोरखंड वळत होता. त्यानं मामांना बसायला पोतं टाकलं, माझ्याकडं बघितलं नाही. मामा बसले नाहीत. गळ्यातला टेप काढून त्यांनी हातात धरला, चर्चमध्ये शिरताना लोक टोपी काढून धरतात तसा, आणि माझ्या मागं उभे राहिले.

"गोविंदा," मी म्हणालो, "डोहातला मरळ मी मारला. पिल्लांवरून ओढून मारला, साहेबासाठी. तुझं नाव मीच सांगितलं आणि मीच खोडलं. उद्या कामावर सगळ्यांसमोर हेच सांगतो, माझं काय व्हायचं ते होऊ दे. चुकलो. तुझा मी फार मोठा गुन्हेगार आहे."