जयवंत मेस्त्रींचा अपघात

"मेस्त्री, आज मशीनचं गार्ड काढा. कॅमेऱ्यात पातं दिसत नाहीये," असं विनीतने सांगितलं तेव्हा जयवंत मेस्त्रींना वाटलं, शेठ गंमत करतायत. कारण ज्या व्हिडिओसाठी सकाळपासून हा खटाटोप चालला होता, त्याचं नावच होतं 'टेबल सॉ सुरक्षितपणे कसा वापरावा'.

लालबागमधल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत तळमजल्याच्या गाळ्यात विनीतचा फर्निचरचा कारखाना होता. वडील कुशाबा स्वतः सुतार होते. ते गेले आणि कॉम्प्युटरवर बसणारा विनीत मालक झाला. आता एका मोठ्या हॉटेलच्या दोनशे दरवाजांचं काम मिळायच्या बेतात होतं, पण हॉटेलवाल्यांना आधी खात्री हवी होती की इथं माणसं सांभाळून काम करतात. म्हणून मशीनभोवती जमिनीवर पिवळी रेषा आली, त्यांना दाखवायला व्हिडिओ करायचं ठरलं, आणि विनीतने शीवला जाऊन दोन दिवसांचा सुरक्षेचा कोर्स केला नि सर्टिफिकेट भिंतीवर टांगलं. त्या कोर्समध्ये त्याने मशीन फक्त पडद्यावर पाहिलं होतं.

मेस्त्री त्या लाकूड चिरायच्या मशीनवर चौतीस वर्षं उभे होते आणि त्यांची दहाच्या दहा बोटं जागेवर होती. या धंद्यात ही लहान गोष्ट नाही. कारखान्यातल्या गणपतचं एक बोट अर्धंच होतं, आणि बाकीच्या दोघा सुतारांच्याही हाताला काही ना काही कमी होतं. मेस्त्री बाह्या कोपराच्या वर दुमडत, हातात मोजे घालत नसत, फळी पुढे सरकवायला लाकडी काठी घेत आणि पात्याच्या सरळ रेषेत कधी उभे राहत नसत. बाकीचे याला मेस्त्रींचं सोवळं म्हणत आणि हसत.

"गार्ड काढून मी चालवणार नाही," मेस्त्री म्हणाले.

"दोन मिनिटांचा प्रश्न आहे, मेस्त्री."

"बोट जायला तेवढीपण लागत नाहीत."

कॅमेरावाला कॉलिन गिरगावातून आला होता आणि दुपारी त्याचं दुसरीकडे शूटिंग होतं. तो घड्याळ बघत म्हणाला, "बॉस, हातमोजे पण घालायला सांग ना. सेफ्टीवालं वाटतं. आणि जरा मध्ये उभं राहू दे, साइडला लाइट नाय."

"हातमोजा पात्यात गेला की हाताला घेऊन जातो," मेस्त्रींनी समजावलं. "आणि मध्ये उभं राहिलं नि फळी उलटी आली, तर सरळ अंगावर."

विनीतचा चेहरा लाल झाला. बाहेरच्या माणसासमोर आपलाच मेस्त्री आपल्याला शिकवतो हे त्याला लागलं. त्याने गणपतकडून गार्ड काढून घेतलं, स्वतः हातमोजे चढवले आणि पात्याच्या बरोबर समोर उभा राहिला. "मी करतो. माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. तुम्ही फक्त स्विचजवळ थांबा."

मेस्त्री स्विचवर हात ठेवून उभे राहिले. विनीतने कॅमेऱ्याकडे बघून हसत सागवानाची फळी पुढे ढकलली. हसता हसता ती किंचित तिरकी झाली, पात्याच्या मागच्या दातांनी ती उचलली आणि बंदुकीतून सुटावी तशी उलटी फेकली. मेस्त्रींनी त्याच क्षणी बटण दाबलं, पण फळी त्याच्या आधीच विनीतच्या पोटावर आदळली होती. तो जमिनीवर बसला आणि बराच वेळ त्याला श्वास घेता येईना. कॉलिन म्हणाला, "शॉट मस्त आलाय, पण वापरता नाय येणार."

विनीतला हॉस्पिटलात नेलं. आत काही दुखापत झाली नव्हती. पोटावर बशीएवढा काळानिळा डाग आणि तीन दिवस विश्रांती, एवढ्यावर निभावलं. अडचण निघाली ती फॉर्मची. हॉटेलच्या अटींप्रमाणे प्रत्येक अपघात लिहून कळवायचा होता, आणि मालकानेच गार्ड काढून स्वतःला फळी मारून घेतली असं लिहिलं तर काम हातचं गेलंच.

चौथ्या दिवशी विनीत नायगावला मेस्त्रींच्या घरी आला. चहा घेतला, मेस्त्रींच्या बायकोची, कांताकाकूंची चौकशी केली आणि मग कागद काढला. त्यात अपघात जयवंत मेस्त्रींना झाला होता. कारण, 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

"नुसतं लिहिण्यापुरतं आहे, मेस्त्री. काम गेलं तर चार घरं बसतील. बाबा असते तर तुम्ही त्यांना नाही म्हणाला असता?"

कुशाबांनीच मेस्त्रींना गावाहून आणून या मशीनवर उभं केलं होतं. मेस्त्रींनी सही केली. विनीत गेल्यावर कांता भांडी घासायची थांबली. लग्नापासून रोज संध्याकाळी नवरा घरी आला की ती आधी त्याच्या हातांकडे बघायची.

"सही कित्याक केलास तुमी?"

"चार घरांचा प्रश्न होता."

"आणि तुमच्या नावाचो प्रश्न कोणाचो?" ती म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

कागद हॉटेलात पोचला आणि आठ दिवसांत उत्तर आलं: निष्काळजी कामगाराला मशीनवरून काढा. त्याने पिवळ्या रेषेच्या आत यायचं नाही. मेस्त्रींना दाराजवळ स्टूल दिलं, एक रजिस्टर दिलं, आणि मशीनवर रोज काय घडतं ते त्यात लिहायचं काम दिलं. गणपत आता येता-जाता त्यांना 'अपघातवाले' म्हणू लागला. अर्ध्या बोटाच्या माणसाने असं म्हणावं, हे मेस्त्रींना फार लागलं.

मग हॉटेलकडून केरेन मॅडम तपासणीला आल्या. सगळ्या सुतारांना ओळीत उभं करून त्यांनी हात पुढे करायला सांगितलं. बोटं मोजत मोजत त्या मेस्त्रींपाशी आल्या आणि थबकल्या.

"अपघात तुम्हाला झाला? लागलं कुठे?"

"पोटाला."

"बघू."

मेस्त्रींनी विनीतकडे पाहिलं. विनीतचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. "बरं झालं आता," मेस्त्री म्हणाले.

"दोन आठवड्यांत? तब्येत चांगली आहे हां तुमची." मॅडमनी कागदावर खूण केली. "हे बघा विनीत, आमच्या कामावर मशीन तोच चालवणार ज्याच्याकडे सर्टिफिकेट आहे आणि ज्याच्या नावावर एकपण अपघात नाही. या चौघांत कोणीच बसत नाही. असं कोण आहे तुमच्याकडे?"

मेस्त्रींनी भिंतीकडे बोट केलं.

"शेठ आहेत ना. त्यांचं सर्टिफिकेट तिथं लावलंय. आणि अपघात म्हणाल तर कागदावर एकही नाही."

"परफेक्ट," म्हणत मॅडमनी विनीतचं नाव लिहून घेतलं. विनीतने मान डोलावली. खरं बोलायची वेळ त्यानेच सही घेऊन घालवली होती.

सोमवारी नमुन्याचे चार दरवाजे सुरू झाले. विनीत मशीनवर, मेस्त्री स्टुलावर. अकराच्या सुमारास मेस्त्रींना मोटरचा आवाज जड झालेला ऐकू आला. ओलसर फळी चिरता चिरता आवळली होती आणि पात्याला धरून बसली होती. मशीन बंद करायचं सोडून विनीत ती दोन्ही हातांनी मागे खेचत होता. मेस्त्री उठले, पिवळी रेषा ओलांडून गेले आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

पातं फिरत फिरत थांबलं. विनीत घामाने भिजला होता. त्याने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मेस्त्री स्टुलावर येऊन बसले आणि रजिस्टर उघडलं.

"हे लिहायलाच पाहिजे का?" विनीतने विचारलं.

"मला आता तेवढंच काम आहे," मेस्त्री म्हणाले आणि वेळ, फळी, नाव, सगळं घडलं तसं लिहिलं.

केरेन मॅडमनी शुक्रवारी ते पान वाचलं. "इतकं खरं मी कुठल्याच रजिस्टरमध्ये वाचलेलं नाही," असं म्हणून त्यांनी मेस्त्रींचं मनापासून कौतुक केलं आणि दोनशे दरवाजे वसईच्या एका कारखान्याला दिले. गणपत आणि बाकीचे दोघे मेस्त्रींशी बोलेनासे झाले. विनीत तर त्यांच्याकडे बघतही नव्हता. पुढच्या सोमवारी दारातून आत येता येता तो एवढंच म्हणाला, "मशीनवर जा, मेस्त्री. आता कोणाच्या अटी नाहीत."

मेस्त्री मशीनपाशी गेले. गार्ड बसवलं, हलवून घट्ट आहे का ते पाहिलं, पात्यावरचा भुसा ब्रशने झाडला. मग त्यांनी फळ्या रचून ठेवायच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं कापायला एकही फळी नव्हती.