जिभेनं वेल ओळखणारे धोंडूकाका

नेकनूरला आमच्या शेजारी राहणारे धोंडूकाका कुंपणातला पाला खायचे. शेळीला निदान आवडनिवड असते, काकांना तीही नव्हती. दिसली वेल की तोडलं पान, घातलं तोंडात, मिटले डोळे. मग निकाल: "न्हाई. ही ती न्हाई."

ती म्हणजे गुंज. सोनाराकडची लाल-काळी गुंज सगळ्यांनी पाहिलेली, पण शेंगा नसताना तिची वेल ओळखणार कोण? चिंचेसारखी पानं दिसली की कुठलीही वेल गुंजच वाटते. काकांच्या बायकोचा, आमच्या सोनाकाकूंचा, आवाज तापात पार गेला होता आणि गुंजेचा पाला चघळला की गळा सुटतो, असं एका वैदूनं सांगितलं होतं.

"काका, शेंगा येईपर्यंत थांबा की," मी म्हणायचो.

"तवर तिनं मुकं बसायचं कावून? डोळे फसतेत बे. पाला गोड लागला की गुंज!"

एकदा कसल्याशा पाल्यानं त्यांची जीभ अशी सुजली की दोन दिवस नवराबायको दोघंही खुणांनीच भांडत होते. आम्ही पोट धरून हसलो.

पुढं निजामाचे गिरदावर, म्हणजे महसुलाचे अंमलदार, घोड्यावरून दौऱ्यावर आले. चावडीमागचं कुंपण तोडा, असा त्यांनी हुकूम सोडला. तेवढ्यात त्याच कुंपणातून काका बाहेर आले. तोंडभर पाला, डोळ्यांत पाणी.

"हुजूर, तोडू नगा! गोड हाय! चावून बगा, लई गोड!"

पाटलांनी कपाळाला हात लावला. गिरदावरांनी मात्र, काय मनात आलं कोण जाणे, पान तोंडात टाकलं.

"अरे, ये तो मीठा है!"

कुंपण वाचलं.

काकूंनी महिनाभर पाला चघळला. आवाज काही आला नाही. काका कुंपणाकडं फिरकेनासे झाले. त्यांना हसणाऱ्यांत मी पुढं होतो, त्याची मला फार लाज वाटली.

एका पहाटे विस्तव मागायला गेलो. आत जातं घरघरत होतं आणि फुटक्या, जाड आवाजात ओवी चालली होती. गात होते काका! खुंट्यावर दोघांचे हात. शब्द चुकला की काकू जातं थांबवायच्या आणि नुसते ओठ हलवून बरोबर शब्द सांगायच्या. मग काका तो पुन्हा म्हणायचे.

मला पाहून ते ओशाळले. "वेल तीच व्हती, बरं का. पर गुण न्हाई आला, मंग तिच्या ओव्या तशाच राहिल्या असत्या ना. तीच गाती, मी निस्ता आवाज लावतो."

काकूंनी खुंट्यावर बोट आपटलं. काकांनी घाईघाईनं भावाची ओवी उचलली. मी विस्तव न मागता दारातच उभा राहिलो.