अणूतला भाऊ

तीर्थपुरीत वीज आली की गल्लीभर "आली, आली" होई. आमचे शेजारी दत्तराव मात्र उठून घरातला बल्ब बंद करत आणि कंदिलाशीच बसून राहत.

कारण त्यांची आई. बल्ब पेटला की ती त्याला हात जोडून म्हणे, "आली माझ्या अशोकची लाईट." धाकटा अशोक दूर समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होता. शेत दत्तराव करत, आईचं दुखणंखुपणं दत्तराव पाहत. उजेड मात्र अशोकचा.

छातीवर बिल्ला लावलेला अशोकचा फोटो तिने देवांजवळ ठेवला होता. सरकारने पदक दिलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

"पदक कशाचं, माय? अंगाला किती किरणं लागले ते मोजायचा बिल्ला हाय तो."

"तुला भेटला का कधी असला?"

दत्तराव गोठ्याकडे निघून जात.

पुढे भारनियमन वाढलं आणि अणुवीज हा गावातही चर्चेचा विषय झाला. मी वार्ताहर. त्यामुळे आपलं मत नोंदवून घेणं हे माझं कर्तव्य आहे, असं दत्तराव मानत. "वीज सस्ती, बराबर. धूर न्हाई, बराबर. पण मागं उरलेलं जहर हजारो साल सांभाळा म्हणतेत. हितं शेताचा बांध एक पावसाळा टिकंना! लिहा."

मी लिहीत नसे. मग ते बसस्टँडजवळच्या हॉटेलात जात. अशोक सुटीवर आलेला असला की तिथे बजावत, "त्याला लई खेटून बसू नका. अणू लागल."

लोक हसत. काही जण हसत नसत.

अशोकच्या मुलीला पाहायला कुंभार पिंपळगावचे पाहुणे आले, तेव्हा हे कळलं. पोहे झाले. मुलगी पसंत होती. मुलाचे चुलते मात्र चुळबुळत होते.

"राग मानू नका. पोरीचा बाप अणूतला. पुढं लेकराबाळांला काही...?"

अशोक खाली पाहत राहिला. दत्तराव ताडकन उठले. "कोण म्हणलं असं?"

"तुमीच म्हणले म्हणं. हाटेलात."



"मी येडा हाय!" दत्तराव ओरडले. "येड्याला इचारून सोयरीक करता का? कोळशाची वीज करा, मंग राख कोणाच्या छातीत जाती? तुमच्या हिरीवरल्या मोटारीला वीज सस्ती पायजे, साफ पायजे, आन् ती करायला कोणी जायला नको? माझा भाऊ गेल्ता. एवढे साल तिथं उभा हाय. पोरगी बिलकुल ठणठणीत हाय. पटत असल तर कुंकू लावा, न्हाई तर जीप उभीच हाय."

चुलत्यांनी मुलाच्या आईकडे पाहिलं. तिने कुंकवाचा करंडा मागितला.

पाहुण्यांना निरोप देऊन दोघे भाऊ अंगणात थांबले. मी चप्पल शोधत होतो.

"अशोक," दत्तराव हलक्या आवाजात म्हणाले, "खरं सांग. तुला काही होत तर न्हाई ना रे?"

"न्हाई, दादा."

दत्तरावांनी तरीही त्याच्या कपाळाला हात लावला, ताप पाहतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही.