तीन लाल चाचण्या

"जेवणाच्या सुट्टीआधी सगळं हिरवं करून देते," असं तिने साहेबांना भर बैठकीत ठणकावून सांगितलं, तेव्हा सव्वादहा वाजले होते. तिच्या नजरेतून चूक सुटत नसे, म्हणून कचेरीत तिला सगळे चाळणबाई म्हणत.

रक्तपेढ्यांसाठी डेटाबेसचं सॉफ्टवेअर बनवणारी ती चार खोल्यांची कंपनी. सर्वांत जुनी रक्तपिशवी यादीत पहिली यायला हवी, म्हणजे ती आधी वापरली जाते, फुकट जात नाही. सॉफ्टवेअर हे नीट करतं का, हे बघणाऱ्या असल्या सहाशे बारा चाचण्या तिच्या संगणकावर हिरव्यागार, म्हणजे पास होत्या. पण गिऱ्हाईक रक्तपेढीने वेगळ्या बनावटीचे संगणक घेतले होते. तसलाच एक कचेरीत आणला, तर त्याच्यावर तीन चाचण्या लाल. पिशव्या कशाही मागेपुढे. आणि उद्या सकाळी सॉफ्टवेअर तिकडच्या नव्या संगणकांवर बसवायचं होतं.

साडेअकरा वाजले तरी लाल ते लालच. तिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने संगणकाचं पोट उघडून मेमरी बदलली. आता पाच लाल झाल्या. मग तिला वाटलं, तारखांचा घोळ आहे म्हणजे घड्याळाचीच गडबड, म्हणून तिने तारीख चार दिवस मागे नेली. खट्ट असा आवाज झाला. कचेरीच्या काचेच्या दाराचं कुलूप आपण सकाळीच या संगणकाच्या घड्याळाला जोडलंय, हे मेकॅनिकला तेव्हा आठवलं. दाराला रविवार वाटला होता, आणि तारीख परत पुढे आणली तरी ते उघडेना. अकरा माणसं आत, आणि सगळ्यांचे जेवणाचे डबे बाहेरच्या कपाटात.

त्यातच सासऱ्यांचा फोन आला. ती घाईघाईत म्हणाली, "बाबा, रक्ताचं सगळं उलटसुलट येतंय, मी अडकलेय, नंतर बोलते," आणि ठेवून दिला. पाऊण तासाने म्हातारा धापा टाकत काचेबाहेर हजर. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात सुनेचे जुने रक्ततपासणीचे अहवाल.

दार अजून बंदच. तिने फटीला तोंड लावून, आपण धडधाकट आहोत इथपासून सगळं सांगितलं. सासऱ्यांनी एकतीस वर्षं टपालाची छाननी केलेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण सूनबाई, पिशव्या कोणत्या क्रमाने द्यायच्या, हे त्या संगणकाला सांगितलंय का?"

"अहो बाबा, ते तर..." ती म्हणाली आणि थांबली.

ती धावत जागेवर गेली. सॉफ्टवेअरमध्ये पिशव्या मागितल्या होत्या, पण तारखेच्या क्रमाने द्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जुना संगणक नोंदी झाल्या तशा देत होता, आणि त्या बहुधा तारखेनेच झालेल्या असत. नव्याला जे हाताशी लागेल ते तो देत होता. तिने एक ओळ घातली. दोन्हीकडे सहाशे बारा हिरव्या. मेकॅनिकने कुलपाची तार सोडवून दारही उघडलं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तिने मात्र त्यांना थांबवलं.

"साहेब, हे सॉफ्टवेअर त्या रक्तपेढीत जुन्या संगणकांवर दोन वर्षं चालू आहे. तिथे आजवर बरोबर येत होतं ते नशिबाने."

साहेब मटकन खुर्चीत बसले. रक्तपेढीला हे कळवायचं कोणी, असं त्यांनी विचारताच सगळ्यांना एकदम कामं आठवली. शेवटी तिनेच फोन लावला. तिकडच्या मुख्य बाईंना तिने काही न लपवता सगळं सांगितलं आणि माफी मागितली. मुदत संपलेली एखादी पिशवी चुकून कोणाला गेली नाही ना, असंही तिने विचारलं.

"ती यादी होय," बाई म्हणाल्या. "ती आम्ही कधी उघडतच नाही हो. पिशवीवरची तारीख वाचून घेतो."