फोनवरचा मेकॅनिक

बंद गाडीचा आवाज तुम्ही कधी चारचौघांत तोंडाने काढून दाखवला आहे का? नसेल, तर जव्हारच्या रशीदचाचांशी तुमची गाठ पडलेली नाही.

चाचांचं गॅरेज जव्हारला, पण त्यांचे फोन दूरदूरच्या पाड्यांवरून येतात. "स्टार्टर गेला वाटतं," असं कुणी म्हटलं की ते भडकतात. "तू डॉक्टर हाय का? रोग मी सांगतो. तू आवाज काढ!" एकदा मोखाड्याच्या बाजारात एका बड्या साहेबांना त्यांनी फोनवरून सगळ्यांसमोर टकटक करायला लावलं. "ही घड्याळाची झाली साहेब, गाडीची करा!" तिसऱ्या टकटकीला निदान आलं: बॅटरीची तार ढिली.

मला हा पोरखेळ वाटायचा. सरकारकडे रस्ता मागायचा, रुग्णवाहिका मागायची, की फोनवर घुरघुरत बसायचं? मी हे चाचांना तोंडावर सुनावलंही होतं.

"माग ना, कोण नको बोलतंय? तोपर्यंत गाडी तर चालू राहू दे."

मग परवा आमच्या वांगणी पाड्यावर जीपवाल्या सोमाची भावजय सुमी बाळंतकळा सोसत त्याच्या जीपमध्ये बसली आणि जीप चालूच होईना. रुग्णवाहिकेचा पत्ता नव्हता. रेंज फक्त वरच्या खडकावर. सोमा खाली चावी फिरवत होता, मी वर फोन कानाला लावून उभा.

"काढ," चाचा म्हणाले.

"चाचा, बाई अडलीय हो!"

"म्हणून तर बोलतो, काढ!"

"खर्र खर्र खर्र..."

खालून सुमीची सासू कडाडली, "पोर इथं तडफडं, न हा वर जाऊन घुरघुरतं कं?"

"गाडी दमते का शेवटी?" चाचांनी विचारलं.

"नाही, जोरात फिरते. पण इंजिन पकडत नाही."

"मग डिझेलच्या पायपात हवा धरलीय. फिल्टरचा नट ढिला करा, तिथलाच हातपंप मारा. फेस जाऊन नुसतं डिझेल आलं की नट आवळा."

मी ओरडून खाली सांगितलं. सोमाने पंप मारला, नट आवळला, चावी फिरवली. जीपने पकडलं! फोन बंद करून खिशात कोंबला आणि मी पळत सुटलो.

दुसऱ्या दिवशी जव्हारच्या दवाखान्यात गेलो तर व्हरांड्यात चाचा. ग्रीस निघावं म्हणून हात घासघासून लाल केलेले.

"आत का नाही गेलात?"

"मी कोण? नर्सबाईने विचारलं, तर काय सांगू?"

मी सांगितलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. चाचा व्हरांड्यातल्या बाकावर टेकले.

"गाडी चालू झाली की लोक फोन ठेवतात. घाईत असतात, बरोबर हाय. पण पोचले का, ते कोण सांगत नाय. मी आपला घरी एकटा तेच घोकत बसतो. काल जेवण नाय गेलं."

मीही तसाच फोन ठेवला होता.

रस्त्यासाठी, रुग्णवाहिकेसाठी मी भांडणारच आहे. तुमच्याकडे आज एवढंच मागतो: वाटेत कुणी तुमची गाडी चालू करून दिली असेल, तर त्याचा नंबर शोधा आणि त्याला सांगा, आम्ही पोचलो.