सहीच्या आधी ब्रेक

“ब्रेक! ब्रेक मार, बाये!”

पेडण्याच्या रजिस्टर ऑफिससमोर तुम्ही पहिल्यांदाच आला असाल, तर ही आरोळी ऐकून जागच्या जागी उडाल. मीही उडाले होते. वाटलं, गेलं कोणीतरी बसखाली. बघते तर रस्ता रिकामा, आणि पंचाहत्तरीचा एक काटकुळा म्हातारा, खाकी शर्ट, पायात रबरी चपला, दोन्ही हात पसरून नव्या साडीतल्या एका बाईपुढे उभा.

ते मुकुंदबाब. जन्मभर पेडणे-म्हापसा बस चालवली. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अंगातून बस काही उतरली नाही. चहा पिऊन झाला की टेबलावर दोन थापा मारणार, म्हणजे ‘चला, सुटा!’ माझ्या झेरॉक्स मशीनलासुद्धा काम झालं की कुशीत दोन थापा. मशीन हमखास अडकतं. “मुकुंदबाब, ही बस नव्हे!” म्हणून मी ओरडते. “पण सुटली पाहिजे ना गे!” हे त्यांचं उत्तर.

तर माझं दुकान त्या ऑफिसच्या अगदी समोर. झेरॉक्स, टायपिंग, फोटो, सगळं मिळतं. सल्ला फुकट मिळतो. इथे बसून मी माणसं वाचायला शिकले. आमच्या गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा, हे कायद्याने आहे. म्हणून भावाला घर बांधायचं असो की जमीन विकायची असो, बहिणीची सही लागते, आणि बहिणीची लागते म्हणजे तिच्या नवऱ्याचीही लागते. मग एक दिवस भाऊ गाडी करतो. मी काउंटरवरूनच ओळखते. भाऊ गरजेपेक्षा जास्त गोड बोलत असतो, वहिनीने नणंदेची पर्स धरलेली असते, भावोजी जांभया देत असतात आणि बहिणीच्या अंगावर नवी कोरी साडी, फॉलसुद्धा न लावलेली. आत जातात, सही होते, मग हॉटेलात पुरी-भाजी, वर आइस्क्रीम. सगळी हसत घरी. बहिणीचा वाटा मिटला!

मुकुंदबाब उभे राहतात ते नेमके गाडी आणि ऑफिसच्या दाराच्या मध्ये.

“सही करू नको म्हणत नाही हांव,” ते दोन्ही हात वर करून सांगतात. “सही म्हणजे उतरण. एकदा गाडी सुटली की रिव्हर्स ना. म्हणून म्हणतो, आधी ब्रेक मार, बस, च्या पी. आणि एकच सांग. बाये, तुका कितें जाय?”

तुला काय हवं? बस, एवढाच प्रश्न. पण काय सांगू तुम्हाला, या प्रश्नाने भले भले भाऊ घामाघूम होतात!

एकदा एक बाई आली, साठीची, अगदी गरीब गाय. तिला माझ्या दुकानात बसवलं, चहा मागवला, प्रश्न टाकला. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “मागच्या दाराकडचा रसाळ फणस. वर्षाला एक. बाकी काही नको.” भावाने पटकन “हां हां, देतो की” म्हटलं. मुकुंदबाब उठले ते थेट दस्त लिहिणाऱ्याकडे. “लिही! वर्षाला एक फणस, रसाळ!” तो बिचारा चष्मा काढून म्हणाला, “मुकुंदबाब, कायद्यात फणस बसत नाही.” “मग कापून बसव!” भांडण असं पेटलं की ऑफिसातली माणसं खिडकीत आली. शेवटी भावानेच माझ्याकडून कोरा कागद घेतला, त्यावर फणस लिहिला, खाली सही केली. मी त्याची झेरॉक्स काढून दोघांना दिली. पैसे घेतले नाहीत. आता ती बाई दर मे महिन्यात फणसातले चार गरे मला आणून देते.

दर वेळी असं गोड होत नाही हो. लाटंबार्से गावाहून एक आजी आली होती. तिने “ब्रेक!” ऐकलं आणि काठीच उगारली. “माझा भाव, माझा वाटा, मी त्याला देणार! तुझ्या बापाचं काय गेलं रे?” मुकुंदबाब एवढे खूश झाले, एवढे खूश झाले, की तिला सलाम ठोकला आणि एकाऐवजी दोन चहा पाजले. “हिला ठाऊक आहे हिला काय जाय ते! आता जा, सुसाट जा!” म्हणून स्वतः दार उघडून दिलं.

पण दस्त लिहिणारी मंडळी वैतागली. धंद्याची वेळ खोळंबते. त्यांनी ठणकावून सांगितलं, फाटकात उभं राहायचं नाही. तेव्हापासून मुकुंदबाबांचा स्टॉप माझ्या दुकानात. माझं डोकं फिरायचीच वेळ आली. गिऱ्हाईक कागद घेऊन येतं आणि हे त्याच्या बहिणीची चौकशी करत बसतात! एके दिवशी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी कावून विचारलं, “मुकुंदबाब, जगातल्या बहिणींचा मक्ता तुम्हालाच दिलाय का? तुमची कोण आहे की नाही?”

“आहे,” ते म्हणाले. “सुमती. आमोण्याला दिलेली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.”

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना एकदाही आवाज चढवला नाही, आणि तेवढ्यानेच मला धसकायला झालं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हेही असेच गाडी करून बहिणीला घेऊन आले होते. घरावर आणि काजूच्या बागायतीवर एकट्याचं नाव चढवायचं होतं. नोकरी नवी, दुपारची ड्युटी. कागद इंग्रजीत. तो बहिणीला कोणी वाचून दाखवला नाही. “मीसुद्धा नाही,” मुकुंदबाब म्हणाले. सही झाली. बाहेर येऊन ती म्हणाली, मुकुंदा, च्या घेऊया मरे. यांनी घड्याळ बघितलं, म्हटलं, बस सुटेल. आणि तिला आणि भावोजींना तसंच भर उन्हात स्टँडवर सोडून हे धावत सुटले.

“तिने कधी बोलून दाखवलं?” मी विचारलं.

“ना. म्हणूनच ना गे! लग्नकार्यात जातो, जेवतो, हात धुतो, उठतो. तिच्यासमोर बसवत नाही. तिचं मी लुटून खाल्लं.”

मला त्यांचा राग आला, अगदी खरा राग आला, आणि त्याच वेळी जीव तुटला. एवढ्या बहिणींना चहा पाजणारा हा माणूस आमोण्याची वाट काही धरत नव्हता.

आणि मग गेल्या गणेशचवथीनंतर एका सकाळी मी शटर वर करते तोच मुकुंदबाब समोर हजर! “विल करतो! सुमतीच्या नावावर सगळं! आजच!”

“थांबा! ब्रेक मारा!” मीच ओरडले.

त्यांना हाताला धरून ओळखीच्या वकीलबाईंकडे नेलं. वकीलबाई शांत. त्यांनी समजावलं, “आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. म्हणजे रुपयातले आठ आणे तुमच्या बायकोचे होते, ती गेल्यावर ते मुलाला गेले. उरलेल्या आठातले चार आणे कायद्याने मुलाचेच, ते तुम्हालाही काढून घेता येत नाहीत. तुम्हाला मनासारखे देता येतात ते फक्त चार आणे.”

मला वाटलं, म्हातारा खचला. छे! “चार आणे तर चार आणे! आहेत ना माझे? मग दे!” म्हणून टेबलावर दोन थापा.

मुलगा पुण्याला. तो काय म्हणेल याची मलाच धाकधूक. फोन स्पीकरवर लावला. पोरगं सगळं ऐकून म्हणालं, “बाबा, चार आण्यांत पुढच्या दोन खोल्या दे, रस्त्याकडच्या. आत्याने काय पाठल्या दाराने यायचं? तिने सही दिली म्हणून तर माझं शिक्षण त्या बागायतीवर झालं.”  “बरं, ठेव,” म्हणून मुकुंदबाबांनी फोनलाही दोन थापा मारल्या.

एक पेच उरला. वकीलबाई म्हणाल्या, “बहीण अठ्ठ्याहत्तरची. तिला हवंय का, हे तिला विचारलंय?”

जन्मात विचारलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी मुकुंदबाब इस्त्रीचा शर्ट घालून आमोण्याला गेले आणि बहिणीला गाडीने घेऊन आले. गाडीवाला मला नंतर सांगत होता, “मागे बसून म्हाताऱ्याने वाटभर माझे गिअर बदलले!” सुमतीआत्ये म्हणजे एवढीशी मूर्ती, अंबाड्यात अबोली, हातात काठी, नजर मात्र लखलखीत. खुर्चीत बसली आणि दुकानभर बघून म्हणाली, “थंड हवा बरी आहे गे तुझ्याकडे.”

चहा आला. वकीलबाईही विलचा मसुदा घेऊन येऊन बसल्या. मुकुंदबाब तिच्यासमोर स्टुलावर बसले. रोज रस्त्यावर बोंबलून विचारायचा तो प्रश्न, पण आज तोंड उघडतात आणि मिटतात. मी मशीनमागे उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, विचारा हो, विचारा एकदाचं!

“मुकुंदा,” आत्येच म्हणाली, “मला एवढ्या लांब आणलंस कित्याक?”

“बाये...” मुकुंदबाबांनी स्टूल पुढे ओढलं. “तुका कितें जाय?”

मग सगळं एका दमात बाहेर पडलं. चार आणे, दोन खोल्या, लुटलं, स्टँड, ऊन.  ऐकून झालं तशी आत्ये म्हणाली, “खोल्या नको रे. मला माझ्या घरचा उंबरा चढवत नाही, तुझ्या घरचा काय चढू? मला ती सही दाखव.”

“कसली सही?”

“माझी. तेव्हा केलेली. तू घाईत कागद ओढून घेतलास, मला धड बघायलासुद्धा मिळाली नाही.”

विलसाठी लागतो म्हणून तो जुना दस्त माझ्याकडेच झेरॉक्सला दिलेला होता, मशीनच्या काचेवर. मी शेवटचं पान काढून तिच्या हातात दिलं. इंग्रजी टायपिंग, शिक्के, आणि खाली वाकडंतिकडं, चढण चढल्यासारखं वर गेलेलं ‘सुमती’.

आत्येने ते डोळ्यांजवळ धरलं आणि लाजली. खरंच लाजली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! “तोवर सगळीकडे अंगठा मारायची मी. तू कागदाचा निरोप धाडलास, तेव्हा ह्यांना म्हटलं, भावाच्या कागदावर मी अंगठा मारणार नाही. आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंकडे मी आठ दिवस शिकायला गेले. कोळशाने जमिनीवर नाव काढायचे, सासू ओरडायची सारवण खराब झालं म्हणून. ती माझी पहिली सही, मुकुंदा. तू काय लुटलं लुटलं करतोस? देताना मी नटून आले होते रे.”

मुकुंदबाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मीही रडले, कशाला खोटं बोलू!

“त्या खोल्यांत,” आत्ये पुढे म्हणाली, “त्या शाळेतल्या बाईंसारखं कोणीतरी बसव. बायकांचे कागद वाचून दाखवायला. मला माझा कागद अजूनपर्यंत कोणी वाचून दाखवला नाही, तेवढं मात्र राहिलं.”

झालं! मुकुंदबाब डोळे पुसत ताडकन उभे! “वकीलबाई! मजकूर बदल! खोल्या आमच्या महिला मंडळाला, अट एकच! कोणीही बाई कसलाही कागद घेऊन येवो, बँकेचा, जमिनीचा, इस्पितळाचा, तिला तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा. समजेपर्यंत!” वकीलबाई धावल्या. मुलाला पुन्हा फोन. तो ओरडला, “एकदम बेस्ट, बाबा!” साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं, मी दुकानातच नाचायची बाकी राहिले. आमच्या पेडण्यात असं विल आजवर झालं नसेल!

नवा मजकूर टाइप होईपर्यंत अर्धा तास होता. आत्येने तो जुना दस्त माझ्यापुढे सरकवला. “तोवर माझा वाच.”

मी शटर अर्धं ओढलं. गिऱ्हाईक उभं होतं, राहू दे उभं. इंग्रजी ओळ मनात वाचायची आणि आमच्या बोलीत सांगायची, असं हळूहळू सुरू केलं. घर, त्याच्या चार बाजू, बागायत, ओढ्यापर्यंतची हद्द. आत्ये मान डोलवत होती. “तिथे एक घोट आंबा होता, चोखून खायचा,” म्हणाली. मुकुंदबाब तिच्या खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसले होते.

शेवटच्या ओळीशी मी अडखळले.

“वाच,” आत्ये म्हणाली.

“हा कागद सदर सुमती हिला तिच्या भाषेत वाचून दाखवण्यात आला, समजावून सांगण्यात आला, आणि तिने राजीखुशीने खाली सही केली आहे.”

“खोटें तें!” मुकुंदबाब ओरडले. “खोटं लिहिलं आम्ही!”

आत्येने वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

“आतां जालें मरे खरें,” ती म्हणाली.